गोळ्या कुणाच्या हुकमाने बंद केल्या?

ज्याच्या खोलीला बाहेरून कडी आहे, ज्याच्या खिशात रुपया नाही, हातात फोन नाही, ज्याला औषधाच्या दुकानापर्यंत चालत जाण्याचीही मुभा नाही, अशा माणसाची मानसिक आजारावरची गोळी एका दिवसात बंद करणे हा त्याच्यावर हात उगारण्याइतकाच हिंसाचार आहे. हे वाक्य आम्ही तोलूनमापून लिहितो आहोत. काठीचा वळ दिसतो, त्याचा पंचनामा होतो, भेटायला आलेली माय तो पाहून टाहो फोडते. बंद केलेल्या गोळीचा वळ काही आठवड्यांनी उमटतो, आणि तोवर तो रुग्णाचाच दोष ठरलेला असतो. रात्रभर ओरडतो, कपडे फाडतो, जेवणात विष कालवलंय म्हणतो, म्हणून त्याला वेगळ्या खोलीत कोंडले जाते, खाटेला बांधले जाते आणि घरच्यांना निरोप जातो की तुमचा माणूस हाताबाहेर गेला, घेऊन जा. ज्या हाताने गोळी काढून घेतली तोच हात रुग्णाकडे बोट दाखवतो. त्या हाताला कायद्याने धरले पाहिजे, एवढे एकच सांगण्यासाठी आम्ही आज लेखणी उचलली आहे.

मालेगाव जहांगीर हे वाशीम जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. मेडशी, शिरपूर, किन्हीराजा, जऊळका या पट्ट्यातली बहुतेक घरे सोयाबीन, तूर आणि पावसाच्या भरवशावर जगतात. अशा घरातला भाऊ, बहीण किंवा म्हातारा बाप मनाच्या आजाराने धरला गेला की पहिली काही वर्षे घरच झिजते. साठेक किलोमीटरवरच्या अकोल्याला डॉक्टरांकडे फेऱ्या, त्या दिवसाची बुडालेली मजुरी, गावात होणारी कुजबुज, बहिणीचे अडलेले लग्न. शेवटी माय थकते, भावजय थकते, आणि कुणीतरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या आश्रमाचा, केंद्राचा, निवाऱ्याचा पत्ता देते. दरमहाचे पैसे ठरतात. निघताना माय गोळ्यांची पाकिटे आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत बांधून देते. सकाळची कोणती, रात्रीची कोणती, हे दोन-दोनदा सांगते. त्या पिशवीचे पुढे काय झाले, हे तिला कोणी कळवत नाही. ‘आमच्याकडे गोळ्यांची गरज पडत नाही.’ ‘गोळ्यांची सवय लागते, किडनी जाते.’ ‘श्रद्धा ठेवा.’ ‘तुम्ही देता त्या पैशात औषध बसत नाही.’ ज्याच्या तोंडी जे वाक्य येईल ते येवो, पाकिटे संपतात आणि नवी आणली जात नाहीत.

या वाक्यांतले एकही वैद्यकशास्त्राचे नाही. ज्या गोळ्यांना झोपेच्या गोळ्या म्हणून सगळ्यांनी एकाच तागडीत टाकले आहे, त्या प्रत्येकीचे शरीराशी जडलेले नाते वेगळे असते आणि ते तोडण्याची शिक्षाही वेगळी असते. क्लोनाझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम या गोळ्या महिनोन् महिने घेतलेल्या माणसाच्या एकाएकी थांबवल्या तर त्याला फिट येऊ शकते, आणि फिटमध्ये माणूस मरूही शकतो. व्हॅल्प्रोएट मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठीही देतात आणि अपस्मारासाठीही. ते झटक्यात तोडले की झटके परत येतात. लिथियम घेणाऱ्या रुग्णाचे औषध एकदम थांबले की उन्माद वेगाने उसळतो आणि आत्महत्येचा धोका वाढतो. पॅरोक्सेटीन, व्हेनलाफॅक्सिन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या अचानक सुटल्या की चक्कर येते, झोप उडते, विजेचा झटका बसावा तशी सणक डोक्यातून जाते, कारणाशिवाय रडू कोसळते. ही लक्षणे दिसली की आश्रमातला माणूस म्हणतो, नाटक करतो आहे.

क्लोझापिनचे तर वेगळेच. बाकीच्या औषधांनी ज्यांचा स्किझोफ्रेनिया आटोक्यात येत नाही, त्यांच्यासाठी ते राखीव. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत, मिलिग्रॅम-मिलिग्रॅमने वाढवत ते चढवावे लागते. अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त खंड पडला तर आधीचा डोस पुन्हा देता येत नाही, साडेबारा मिलिग्रॅमपासून नव्याने सुरुवात करावी लागते, कारण शरीराला ते परके झालेले असते आणि पूर्ण डोसाने रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर आघात होऊ शकतो. आता विचार करा: आठवडाभर गोळी दिली नाही, मग नातेवाईक भेटायला येणार म्हणून आदल्या रात्री आधीचा पूर्ण डोस घशाखाली उतरवला. बंद करणे हा पहिला गुन्हा, अशा रीतीने पुन्हा सुरू करणे हा दुसरा.

आणि सगळ्यांत मोठी फसगत स्किझोफ्रेनियाच्या नेहमीच्या औषधांची आहे. ती बंद केल्यावर पहिले काही दिवस अनेकदा वाईट जात नाहीत. सुस्ती उतरते, जिभेचा जडपणा जातो, माणूस तरतरीत दिसतो. आश्रमाचा चालक घरच्यांना फोन करून सांगतो, बघा, गोळ्या बंद केल्या आणि माणूस हसायला लागला. घरचेही सुखावतात. आजार परत येतो तो आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, आणि तोवर गोळी आणि आजार यांचा संबंध सगळे विसरलेले असतात. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला होता. औषध थांबवणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट निघाला. हे ज्ञान पाव शतकापूर्वीचे आहे. ते ज्याला ठाऊक नाही त्याने दुसऱ्याच्या मेंदूची जबाबदारी घेऊ नये, आणि ज्याला ठाऊक असूनही तो गोळी बंद करतो त्याच्यासाठी आमच्याकडे सौम्य शब्द नाही.

कोणी म्हणेल, हे कुठल्यातरी कोपऱ्यातल्या भोंदू आश्रमांचे पाप, सरकारला कशाला ओढता? ऐका तर मग. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात गौरवकुमार बन्सल यांच्या याचिकेच्या सुनावणीत आपल्या महाराष्ट्राचेच प्रकरण उभे राहिले. मनोरुग्णालयांतून बरे झालेल्या माणसांसाठी पुनर्वसनगृहे उभारा, असे न्यायालयाने राज्यांना बजावले होते. महाराष्ट्राने काय केले? घरे उभारण्याऐवजी माणसे हलवली. भिक्षेकरीगृहांत, वृद्धाश्रमांत. ६ जुलै २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती एम. आर. शहा यांच्या पीठाने हे तत्काळ थांबवा असा आदेश दिला आणि असे करणे मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे असे सुनावले. ज्या महाराष्ट्राने देशाला समाजसुधारणा शिकवली असे आपण छाती फुगवून सांगतो, त्या महाराष्ट्राच्या सरकारला आजारी माणसाची जागा भिकाऱ्यांच्या कोंडवाड्यात नसते हे सर्वोच्च न्यायालयाने सांगावे लागले!

भिक्षेकरीगृह हे १९५९च्या भीकप्रतिबंधक कायद्याखाली चालणारे घर. तिथे माणूस ठेवतात तो रस्त्यावरून उचलून, डांबून. तिथे मानसोपचारतज्ज्ञ रोज फेरी मारत नाही, लिथियमची रक्तातली पातळी कोणी तपासत नाही, क्लोझापिनचा खंड किती तासांचा झाला हे कोणी मोजत नाही. मनोरुग्णालयातून तिथे गेलेल्या माणसाची गोळी कुणाच्या भरवशावर चालू राहणार होती? आदेशावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारला असता तर त्याचा हात थांबला असता. तो थांबला नाही. उपचाराच्या घरातून जेव्हा माणसांना नुसत्या छपराखाली नेऊन टाकतात, तेव्हा गोळी बंद करण्याचा लेखी हुकूम कुणाला द्यावाच लागत नाही. ती आपोआप बंद होते, आणि सरकारचे हात कोरडे राहतात.

अशा हलवाहलवीचा शेवट काय होतो हे जगाने पाहिले आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या गाउटेंग प्रांताच्या सरकारने २०१५-१६मध्ये खर्च वाचवण्याच्या नावाखाली लाइफ एसिडिमेनी या रुग्णालयसमूहाशी असलेला करार मोडला आणि चौदाशेंहून अधिक मनोरुग्ण बाहेर काढले. त्यांतले शेकडो रुग्ण स्वयंसेवी म्हणवणाऱ्या घरांत वाटून टाकले. कित्येकांबरोबर कागदपत्रे नव्हती, कोणाला कोणते औषध हे सांगणारी चिठ्ठी नव्हती, नव्या घरात ते औषध देणारा जाणता माणूस नव्हता. भूक, तहान, न्यूमोनिया, न थांबणारे अपस्माराचे झटके. १४४ माणसे मेली. तिथल्या आरोग्य लोकपालाने फेब्रुवारी २०१७मध्ये अहवाल दिला, त्यात अशा २७ संस्थांचे परवाने बेकायदा असल्याचे नोंदवले. २०२४मध्ये न्यायालयीन चौकशीत नऊ मृत्यूंची जबाबदारी तत्कालीन प्रांतिक आरोग्यमंत्री आणि तिच्या मानसिक आरोग्य विभागाची प्रमुख यांच्यावर ठेवण्यात आली. म्हणजे तिथे निदान मोजणी झाली, नावे घेतली गेली, मंत्र्याला उत्तर द्यावे लागले. महाराष्ट्रात न्यायालयाने वेळेत हात धरला म्हणून आपण बचावलो असे कोणाला वाटत असेल, तर त्याने एवढेच सांगावे: हलवलेल्या प्रत्येक माणसाच्या गोळ्यांची नोंद जनतेसमोर कोणी ठेवली? आमचे सरकारला आव्हान आहे, ती नोंद ठेवा.

कायदा नाही अशी सबब कोणीही पुढे करू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संसदेने केला, २०१८पासून तो लागू आहे. या कायद्याच्या अठराव्या कलमात लिहून ठेवले आहे की मानसिक आजारावरची आवश्यक औषधे सामूहिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात सदासर्वकाळ मोफत मिळाली पाहिजेत. आपल्याकडे सामूहिक आरोग्य केंद्र म्हणजे ग्रामीण रुग्णालय. म्हणजे हा हक्क नागपूरच्या मनोरुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही, तो तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या औषधखिडकीवर सुरू होतो. ‘सदासर्वकाळ’ याचा अर्थ पुरवठा आला की असा होत नाही, खरेदीची फाइल मुंबईहून सुटली की असाही होत नाही. आश्रमाचा चालक पैसे नाहीत म्हणतो तेव्हा त्याला दोन प्रश्न विचारले पाहिजेत: मोफत औषध आणायला माणूस पाठवला होता का, आणि पाठवला असेल तर त्याला खिडकीवरून कोणी परत पाठवले? पहिल्याचे उत्तर नाही असेल तर चालक दोषी, दुसऱ्याचे उत्तर मिळाले तर सरकार दोषी. तिसरी पळवाट नाही.

याच कायद्याने सांगितले आहे की ज्या जागी मानसिक आजाराची माणसे दाखल करून ठेवली जातात ती जागा, मग तिच्या पाटीवर रुग्णालय लिहिलेले असो वा निसर्गोपचार, नोंदणीशिवाय चालवता येत नाही. कोणाही डॉक्टराला आपल्या विद्येच्या बाहेरचे औषध वा उपचार सुचवता येत नाही. मग जो डॉक्टरच नाही त्या व्यवस्थापकाला, वॉर्डनला, महाराजाला मानसोपचारतज्ज्ञाने लिहिलेली गोळी खोडायचा अधिकार कोणी दिला? रुग्णाला एका जागेहून दुसऱ्या जागी हलवताना जुन्या आणि नव्या डॉक्टरांनी, रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, पुढच्या उपचाराची आखणी करायची असते, हेही कलम ९८मध्ये आहे. साखळीने बांधायला कलम ९५ने बंदी घातली आहे. पण शिक्षा? पहिल्यांदा कायदा मोडणाऱ्याला फार तर सहा महिने कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दहा हजार! काही आश्रमांत हे एका रुग्णाचे एका महिन्याचे शुल्क असते. त्याउलट आपल्या राज्याचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा पाहा, जो अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचे रक्त सांडल्यावर विधिमंडळाला करावा लागला. भुताखेताची भीती घालून कोणाला औषधोपचारापासून रोखणाऱ्याला तो सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत तुरुंगात धाडतो. मग भुताचे नाव न घेता, ‘नैसर्गिक’ असे नाव देऊन तेच करणाऱ्याला सूट कशासाठी?

पोलिसांच्या हातातही काही नाही असे समजू नका. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५७ वाचा. आजाराने किंवा मनाच्या दुबळेपणाने असहाय झालेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार ज्याने केला आणि मग मुद्दाम ती केली नाही, तो गुन्हेगार आहे. दरमहा पैसे घेऊन माणूस ठेवणे हा करार नाही तर दुसरे काय आहे? जीव धोक्यात घालणाऱ्या हलगर्जीपणासाठी कलम १२५ आहे, त्या हलगर्जीपणात माणूस गेला तर कलम १०६ आहे. आणि मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०१ने प्रत्येक ठाणेदारावर बंधन घातले आहे की आपल्या हद्दीत मानसिक आजाराच्या माणसाची छळणूक वा हेळसांड होत असल्याचे कळले तर त्याने ते दंडाधिकाऱ्यांना कळवलेच पाहिजे. मनोरुग्णाची तक्रार म्हणून ठाण्यातून हसून परत पाठवणारा पोलीस हे बंधन मोडतो आहे.

मराठी वृत्तपत्राने या विषयावर आवाज उठवण्याची ही पहिली वेळ नाही. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून बंदोबस्तात ठेवले होते आणि त्यांचा छळ होतो आहे, असे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कडाडून लिहिले. दिवाण माधवराव बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला. पुराव्यादाखल आलेली पत्रे बनावट निघाली आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पत्रे खोटी होती. भीती खोटी नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, पहाऱ्यात असताना, गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर विसाव्या वर्षी ते महाराज मरण पावले. ज्याच्या नावावर संस्थान होते त्याला वेडा ठरवून कोंडल्यावर त्याच्या खोलीत काय चालते हे कोणी बाहेर कळू दिले नाही. मग किन्हीराजाच्या शेतमजुराच्या पोराच्या खोलीत काय चालते हे कोण कळू देणार? त्या खटल्यातून आम्ही एकच शिकलो: ऐकीव पत्रांवर विसंबू नये, अस्सल कागद मागावा. म्हणूनच आमची पहिली मागणी नोंदवहीची आहे. रोजच्या गोळीची, वेळेसह, देणाऱ्याच्या सहीसह नोंदवही.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगतो, म्हणजे आमच्या शब्दांचा कोणी सोयीचा अर्थ लावणार नाही. आम्ही गोळ्यांचे पुजारी नाही. माणूस शांत पडून राहावा, त्रास देऊ नये, म्हणून त्याला मणभर औषधांनी गुंगवून ठेवणारी घरेही याच महाराष्ट्रात आहेत आणि तोही छळच आहे. गोळीचे दुष्परिणाम खरे असतात: वजन वाढते, हात थरथरतात, जबडा आखडतो, लिथियमने मूत्रपिंडावर ताण येतो. औषध कमी करावे, बदलावे, थांबवावे असे रुग्णाला वाटत असेल तर ते म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पुढे काय उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्याला दिला आहे. पण ते कमी करायचे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, आठवड्या-आठवड्यांनी, पायरीपायरीने, रुग्णाला सांगून. जी गोळी चढवायला महिने लागले ती उतरवायलाही वेळ लागतो. आमचा रोष त्या एका झटक्यावर आहे, जो रुग्णाला न विचारता, डॉक्टराला न कळवता, मायेला न सांगता दिला जातो.

श्रद्धेच्या नावानेही बोलू. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सैलानीबाबांच्या दर्ग्यावर मनाच्या आजाराची माणसे आणण्याची रीत जुनी आहे, आणि आमच्या तालुक्यातली घरेही त्या वाटेने जातात. कोणाच्या नवसाला आम्ही नावे ठेवत नाही. ज्या घराला दुसरा कोणताच आधार मिळाला नाही ते घर देवाच्या दारात जाणारच, आणि याची लाज त्या घराला नव्हे, आरोग्यखात्याला वाटली पाहिजे. पण नवस फेडायला आणि गोळी गिळायला एकमेकांची अडचण होत नाही. गुजरातेत उनावा येथे मीरा दातार यांच्या दर्ग्यात गेल्या दशकभराहून अधिक काळ दुआ आणि दवा शेजारीशेजारी चालतात. मुजावर स्वतः माणसाला डॉक्टराकडे पाठवतात. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्यापाशी ते वेळेत झाले नाही. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे तिथल्या खासगी आसऱ्याला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे जळून मेली. पंथ कोणताही असो, पुजारी असो की मुजावर, ‘गोळी बंद कर’ हे शब्द त्याच्या तोंडून निघता कामा नयेत.

हे जमत नाही असे सांगणाऱ्यांना आम्ही दोन पत्ते देतो. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणते, उपचार करते आणि देशाच्या कानाकोपऱ्यातल्या त्यांच्या घरी पोचवते. २०१८चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. आणि बुलढाण्यातच पळसखेड सपकाळ येथे नंदकुमार आणि आरती पालवे यांचे सेवासंकल्प प्रतिष्ठान बेवारस मनोरुग्णांना घर देते. विदर्भाच्या मातीत, विदर्भातल्या पैशाच्या चणचणीत. म्हणजे गरिबी ही सबब टिकत नाही.

वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. शेतकरी-आत्महत्यांच्या नकाशावर तो ठळक आहे. राज्याने २०१५पासून ज्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करणारा ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला त्यांत तो आहे. म्हणजे इथल्या माणसाचे मन दुखते हे सरकारला माहीत आहे. मग मालेगावच्या माणसाला पूर्ण उपचारासाठी अडीचशे किलोमीटरच्या घरात असलेले नागपूर का गाठावे लागते? सगळ्या महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर. वऱ्हाडात एकही नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्या महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाकडे जिल्ह्यातल्या प्रत्येक आश्रमाची, वृद्धाश्रमाची, व्यसनमुक्ती केंद्राची गोळ्यांची तपासणी सोपवा. व्यसनमुक्ती केंद्रांवर विशेष लक्ष ठेवा, कारण अट्टल दारुड्याची दारू एकाएकी तोडली की दोन दिवसांत फिट आणि चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. तो टाळण्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळीच ‘हेही एक व्यसन’ म्हणून काढून घेणारा माणूस जीवघेणा आहे.

जिल्हाधिकाऱ्यांनी पुढच्या महिन्याच्या आत जिल्ह्यातल्या अशा सर्व जागांची यादी, नोंदणी आहे की नाही या रकान्यासह, प्रत्येक तहसीलच्या फलकावर लावावी. दाखल करताना गोळ्यांची यादी, त्या लिहिणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि पुढच्या भेटीची तारीख घेतल्याशिवाय कोणत्याही संस्थेने माणूस आत घेऊ नये. पंधरा दिवसांचा साठा कपाटात असल्याशिवाय एकही खाट भरू नये. मानसोपचारतज्ज्ञाच्या लेखी सहीशिवाय एकही गोळी थांबवू नये. आणि मालेगावच्या ग्रामीण रुग्णालयात मानसिक आजाराची कोणती औषधे आज शिल्लक आहेत याचा फलक बाह्यरुग्ण विभागाच्या दारावर मराठीत लावावा. यातल्या एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही, एकीलाही विधानसभेचे अधिवेशन लागत नाही.

आता वाचकहो, तुमच्यासाठी. तुमचे माणूस कुठल्या आश्रमात, केंद्रात, निवाऱ्यात असेल तर येत्या रविवारी जा. फराळाचा डबा न्याच, पण डबा देऊन फाटकातून परतू नका. गोळ्यांची वही दाखवा म्हणा. पाकिटे हातात घ्या, तारखा पाहा, उरलेल्या गोळ्या मोजा. चालक टाळाटाळ करू लागला तर चिडू नका, पण निघूही नका. गोळी बंद झाली असेल तर ती स्वतःच पुन्हा सुरू करून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टराला विचारा. जवळ डॉक्टर नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र फुकट लागतो. मग मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २८खाली तक्रार लिहा: आधी संस्थेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, तिथे दाद लागली नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, त्यानंतर राज्य प्राधिकरणाकडे. प्रत्येक तक्रारीची पोच घ्या आणि तिची एक प्रत ठाणेदाराला द्या. तक्रारीत एकच प्रश्न पुरेसा आहे: आमच्या माणसाच्या गोळ्या कोणत्या तारखेला, कुणाच्या सहीने बंद केल्या? लेखी उत्तर मिळेपर्यंत मागे हटू नका.